दात की हाड, शिंग की प्लास्टिक?

अळणावर जंक्शनवरून एक फाटा दांडेलीच्या रानात शिरतो आणि मुख्य मार्ग लोंढा, कॅसलरॉक करत घाट उतरून मुरगाव बंदर गाठतो. १८८०च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेने कॅसलरॉकपर्यंतचा मार्ग टाकला तेव्हा डोळ्यांसमोर होता हुबळी-धारवाडकडचा कापूस. दांडेलीचा फाटा पुढे निघाला तो लाकडासाठी. माणसांनी मात्र दोन्ही टोकांकडून आपापल्या हौशीच्या वस्तू आणल्या. म्हणून धारवाड, हल्याळ, खानापूर या पट्ट्यातल्या मराठी घरांतला एखादा जुना डबा उघडला की रान आणि समुद्र एकाच मखमलीवर भेटतात. सोन्यात मढवलेलं वाघनख, शिंगाची बटणं, ‘हस्तिदंती’ म्हणून जपलेली बांगडी, गोव्याकडून आलेली पोवळ्यांची माळ, कासवाच्या पाठीची फणी. सोनं किती कसाचं आहे ते सराफ बघता बघता सांगतो. त्यात बसवलेलं कोरीव द्रव्य कशाचं आहे, असं विचारलं की बहुतेक जण हात वर करतात.

खरं तर हे काम अवघड नाही, फक्त नजर कुठे लावायची ते कळलं पाहिजे. आपण बघतो कोरीव काम: हत्ती छान आहे, मोर रेखीव आहे, गणपतीची सोंड उजवी आहे. पारख करताना नेमकं तेच बाजूला ठेवावं लागतं. मोर हस्तिदंतात कोरता येतो, हाडात येतो, साच्यातही ओतता येतो. पण दात, शिंग, कवच, पोवळं या वस्तू कधीतरी वाढत होत्या. थरावर थर चढला, नळ्या तयार झाल्या, तंतू एका दिशेने गेले. ही रचना वस्तूच्या आतपर्यंत असते. कारागिराला ती कापता येते, झिलईने थोडी झाकता येते, पुसता येत नाही. साच्यातून निघालेल्या मालाला मात्र बालपण नसतं. तो एका क्षणात पूर्ण झालेला असतो.

हत्यारं मोजकी लागतात. दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग, बारीक झोताची बॅटरी, नोटा तपासतात तो अतिनील दिवा आणि शंभरांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा. गरम सुई घेऊ नका. ‘सुई टोचून बघा, केस जळाल्याचा वास आला तर खरं’ ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते आणि तिने किती चांगल्या वस्तूंना डाग दिले असतील देव जाणे. शिवाय वस्तू सेल्युलॉइडची निघाली तर ती भपकन पेट घेऊ शकते, म्हणजे परीक्षा पास आणि वस्तू राख.

सुरुवात हस्तिदंतापासून, कारण घोळही तिथेच सर्वांत जास्त. हत्तीचा सुळा आतल्या पोकळीकडून थर चढत वाढतो आणि त्यातल्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या मांडणीमुळे आडव्या छेदावर एक खास नक्षी दिसते: डावीकडे वळणाऱ्या आणि उजवीकडे वळणाऱ्या कमानी एकमेकींना छेदत चटईच्या विणीसारखी जाळी करतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ श्रेगर याने १८००मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून त्या श्रेगर रेषा. सुळ्याच्या बाहेरच्या कडेजवळ या रेषा एकमेकींना विशाल कोनात छेदत असतील, साधारण ११५ अंशांहून जास्त, तर तो आजच्या हत्तीचा सुळा; कोन ९० अंशांच्या आत असेल तर सैबेरियाच्या बर्फातून निघालेल्या मॅमथचा. तस्कर हत्तीचा दात मॅमथचा म्हणून खपवतात, त्यामुळे हा कोन जगभरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या उपयोगाचा झाला आहे.

आता बांगडी हातात घ्या आणि तिची बाहेरची गोल बाजू सोडून द्या. बांगडी सुळ्याचं आडवं कडं कापून घडवतात, त्यामुळे जाळी दिसायची ती वरच्या आणि खालच्या काठावर. बॅटरी जवळजवळ आडवी धरायची, भिंग डोळ्याला टेकवायचं आणि बांगडी काठावरून हळूहळू फिरवायची. एखाद्या ठिकाणी, बहुधा जिथे झीज कमी आहे तिथे, छेदणाऱ्या कमानी उमटतात आणि पुन्हा विरतात. बाहेरच्या बाजूवर त्याच रचनेचे फिकट, किंचित लहरी पट्टे असतात. दोन बाजूंना दोन वेगळ्या नक्षी: खऱ्या दाताची याहून भरवशाची खूण घरच्या घरी मिळणार नाही. सेल्युलॉइड करणाऱ्यांनी पट्ट्यांची नक्कल फार छान केली होती, पण त्यांचे पट्टे सरळ, सारख्या अंतराचे आणि चोहोबाजूंनी तेच. जाळी त्यांना साधली नाही.

हाड याच्या पुढचा अडथळा. ते थंड लागतं, जड असतं, अतिनील दिव्याखाली दातासारखंच निळसर पांढरं चमकतं. पण हाडाला जिवंतपणी रक्त पोचवणाऱ्या नलिका होत्या. त्यांची तोंडं आडव्या छेदावर बारीक ठिपक्यांसारखी आणि उभ्या बाजूवर तुटक काळपट रेघांसारखी दिसतात, कारण वर्षानुवर्षांचा मळ त्यांत बसलेला असतो. चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुनं’ केलेल्या हाडात तर या रेघा आणखीच उठून दिसतात. लबाडीने स्वतःच आपला पुरावा रंगवून ठेवलेला असतो. आज बाजारात ‘हस्तिदंती’ म्हणून येणाऱ्या माळा बहुतेक उंटाच्या किंवा म्हशीच्या हाडाच्या असतात. त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त नाव खरं सांगावं.

या भागात घरोघर ऐकू येणारी एक समजूत इथे तपासायला हवी: बांगडी ‘आमच्याच दांडेलीच्या हत्तीची’. असेलही. पण आशियाई हत्तिणीला मोठे सुळे नसतात, नरांतही काही बिनसुळ्याचे, आणि एकोणिसाव्या शतकात झांजिबारकडून येणारा आफ्रिकी हस्तिदंत मुंबई बंदरात उतरून तिथून देशभर जात होता. भारतीय कारागिरांच्या हातून गेलेला बराच माल हा आफ्रिकेचा. तेव्हा धारवाडच्या डब्यातली बांगडी रानातून आली असण्यापेक्षा रेल्वेने आली असण्याचा संभव अधिक. भिंगाला या दोन हत्तींतला फरक कळत नाही. त्यासाठी डीएनए तपासावा लागतो आणि ते काम हैदराबादची सीसीएमबी किंवा देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था अशा प्रयोगशाळांचं.

हस्तिदंत कोरण्यात आपला मुलूख मात्र नवखा नव्हता. १९३८मध्ये पाँपेईच्या उत्खननात एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इ. स. ७९च्या ज्वालामुखीच्या राखेत ती गाडली गेली होती, म्हणजे तिचं वय त्याहून जास्त. तिच्याशी जवळचं नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेर इथे आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदन इथे मिळाल्या. सातवाहनांच्या काळात मराठवाड्यातून रोमला काय काय जात होतं, याची ती साक्ष. पुढे पोर्तुगीज काळात गोव्याच्या कारागिरांनी बाळ येशू आणि मेंढपाळ येशू याच द्रव्यात कोरले. जुन्या गोव्यातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात ते काचेपलीकडे का होईना, निवांत बघता येतात. खरा हस्तिदंत म्हातारा कसा होतो, चिरा कोणत्या दिशेने जातात, पिवळेपणा कुठे जास्त आणि कुठे कमी, हे डोळ्यांत साठवायला संग्रहालयासारखी शाळा नाही.

भिंगाने कौल दिला नाही तर वजनाचा उपाय आहे, आणि तो मला सर्वांत आवडतो, कारण त्यात कुणाच्या मताला जागा नाही. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा. वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही अशी लोंबत धरायची. काट्यावर उमटलेले ग्रॅम म्हणजे तिने सारलेल्या पाण्याचं वजन, अर्थात तिचं घनसेंटिमीटरमधलं आकारमान. समजा बांगडीचं कोरडं वजन ३७ ग्रॅम आणि पेल्याचा आकडा २०. भागाकार १.८५. हस्तिदंत १.७ ते १.९च्या आसपास येतो, हाड २च्या आसपास, शिंग आणि कासवाचं कवच १.३, सेल्युलॉइड १.४च्या जवळ, बेकेलाइट १.३च्या आत, पोवळं २.६५च्या दरम्यान, शंख-शिंपले त्याहून किंचित जास्त. तीच बांगडी सेल्युलॉइडची असती तर २८ ग्रॅमच भरली असती. दात आणि हाड यांचे आकडे एकमेकांच्या फार जवळ असल्यामुळे त्या दोघांत निवाडा करायला शेवटी भिंगच हवं, पण प्लास्टिकचा प्रश्न इथे मिटतो. सोन्याचांदीत मढवलेल्या वस्तूला ही परीक्षा लागू नाही. धातू सगळा हिशेब बिघडवतो. बुडवणंही क्षणभराचं, आणि लगेच मऊ कापडाने टिपून घ्यायचं.

प्लास्टिक म्हणून नाक मुरडण्याआधी एक सांगतो. सेल्युलॉइडचा जन्मच हस्तिदंताच्या टंचाईतून झाला. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंत पुरेना, तेव्हा अमेरिकेतल्या एका कंपनीने पर्यायासाठी १०,००० डॉलरचं बक्षीस जाहीर केलं आणि त्या खटपटीतून जॉन वेस्ली हयातच्या हाती १८७०च्या सुमारास सेल्युलॉइड आलं. त्यात कापूर असतो, म्हणून बोटाने जोरात घासलं की कापराचा वास येतो. १८९७मध्ये जर्मनीत दुधातल्या केसिनपासून गॅलालिथ निघालं, त्याची बटणं शिंगाच्या बटणांच्या जागी बसली. १९०७चं बेकेलाइट गरम पाण्याखाली धरलं की दवाखान्यातल्या कार्बोलिकची आठवण होते. आजीची ‘हस्तिदंती’ फणी जपानी सेल्युलॉइडची निघाली तर तीही आता शंभरीकडे झुकलेली वस्तू आहे. फक्त ती इतर दागिन्यांपासून वेगळी, हवेशीर ठेवा. जुनं सेल्युलॉइड कुजताना आम्लाच्या वाफा सोडतं आणि शेजारच्या तांब्या-पितळेला हिरवा कळक चढतो.

शिंगाकडे वळू. शिंग केसांच्या आणि नखांच्याच जातीचं, केराटिनचं. हाडाच्या गाभ्यावर ते पोकळ म्यानासारखं वाढतं, त्यामुळे त्यात समांतर पापुद्रे असतात. कडेला प्रकाश धरला की पातळ भाग मधाच्या रंगाचा, अर्धपारदर्शक दिसतो. जुन्या बटणांच्या कडा पापुद्र्यापापुद्र्याने सुटू लागलेल्या असतात. छोटी गोल-ओबडधोबड छिद्रं दिसली तर ती किड्यांची. प्लास्टिक कसर खात नाही, तेव्हा कसरीचा दाखला मी आनंदाने स्वीकारतो. सांबर-चितळाचं शिंग ही वेगळीच गोष्ट. ते दरवर्षी गळून नव्याने येतं आणि मुळात हाड असतं: भरीव, बाहेरून खडबडीत, आतून सच्छिद्र. त्याच्या चकत्यांच्या बटणांवर मधोमध हा सच्छिद्र भाग जाळीसारखा दिसतो.

गव्याच्या शिंगावर तर कोकणात एक कला उभी होती. विजयदुर्ग आणि सावंतवाडीच्या गव्याच्या शिंगाच्या कोरीव वस्तूंची नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत आहे. सावंतवाडी म्हटलं की आज आपल्याला लाकडी खेळणी आणि गंजिफा आठवतात. शिंगकाम विस्मरणात गेलं. गवा सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवरचा, आणि दांडेलीच्या रानात तो आजही कळपांनी आहे, त्यामुळे काळाभोर, आरशासारखी झिलई असलेला एखादा शिंगाचा करंडा घाटावरच्या घरात मिळाला तर नवल नाही. काळं शिंग आणि काळं बेकेलाइट यांत गोंधळ झाला तर अगदी पातळ कड शोधून तिच्यामागे बॅटरी लावा. शिंगात तपकिरी रेघा दिसतात. बेकेलाइट ठार काळं राहतं.

वाघनखांचा विषय नाजूक आहे. दोन नखं पाठीला पाठ लावून सोन्यात बसवलेली, लेकराच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून घातलेली, अशी पदकं या बाजूला अनेक घरांनी पाहिली आहेत. खऱ्या नखाला आत हाडाचा गाभा असतो आणि त्यावर केराटिनचं म्यान. ते दोन्ही बाजूंनी चपटं असतं, खालच्या बाजूला खाच असते आणि वाढीचे थर नखाच्या बाकाबरोबर वळतात. नकली नख बहुतेकदा बैलाच्या किंवा म्हशीच्या शिंगातून तासलेलं. तिथे तंतू सरळ चालतात आणि बाक आला की कापले जातात: कोरणाऱ्याने वळण दिलं, शिंगाने ते घेतलं नाही. एक्स-रेमध्ये गाभ्याचं हाड दिसतं किंवा दिसत नाही, आणि प्रश्न संपतो. ऑक्टोबर २०२३मध्ये कन्नड ‘बिग बॉस’मधल्या एका स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखावरून वन विभागाने अटक केली, आणि कर्नाटकभर लोक आपापल्या घरातली पदकं उलटीपालटी करून बघू लागले. आपलं नख नकली निघावं अशी इच्छा माणसांच्या मनात आली ती बहुधा पहिल्यांदाच.

समुद्राच्या बाजूला कासवाचं कवच आणि पोवळं. दागिन्याचं कवच येतं ते चोचीच्या समुद्री कासवाचं. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडलेचा या धंद्याशी संबंध नाही. खऱ्या कवचातले तपकिरी डाग भिंगाखाली असंख्य बारीक ठिपक्यांत फुटतात. प्लास्टिकमधले डाग एकसंध असतात आणि त्यांच्या कडा ओघळलेल्या दिसतात. उष्णता आणि दाब दिला की कवचाचे दोन तुकडे डिंकाशिवाय जुळतात, त्यामुळे जाड फणीत सांधा दिसला नाही म्हणून ती नकली ठरत नाही.

पोवळं धारवाडकडे काळ्या मण्यांबरोबर मंगळसूत्रात ओवतात, मराठी घरांत लहान मुलांच्या गळ्यात घालतात, आणि हौशी लोक त्याचा गणपती कोरून अंगठीत बसवतात. हे तांबडं पोवळं आपल्या किनाऱ्यावर होत नाही. ते भूमध्य समुद्राचं. अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातली एर्गास आणि सिल्वेरा ही ज्यू पेढी गोव्यातल्या कामत मंडळींना पोवळं पाठवत होती आणि बदल्यात हिरे घेत होती. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं, मधे पोर्तुगीज जहाज आणि नुसता पत्रांवरचा विश्वास. पोवळ्यालाही दाताप्रमाणे दोन बाजूंना दोन नक्षी. फांदीच्या लांबीने अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतरावरच्या समांतर रेषा, आणि आडव्या छेदावर मधल्या बिंदूभोवती वर्तुळं. मण्याला फांदीच्या लांबीने आरपार भोक पाडलेलं असेल तर कुशीला रेषा बघायच्या आणि भोकाच्या तोंडाशी वर्तुळं. काचेच्या मण्यात यांतलं काहीच नसतं. उलट बुडबुडे असतात, साच्याची शिवण असते. रंगवलेलं बांबू-पोवळं जास्त फसवतं, कारण तेही पोवळंच. पण त्याच्या रेषा ठसठशीत, दूरदूरच्या, आणि रंग खाचांत आणि भोकाच्या कडेला साचलेला. लिंबाचा थेंब टाकून फेस बघण्याची हौस आवरा. फेस येतो हे खरं, पण झिलई जाते, आणि फेस रंगवलेल्या पोवळ्यालाही येतो.

रुद्राक्षाबद्दल दोनच वाक्यं पुरेत. पाण्यात बुडला तर खरा, तरंगला तर खोटा, ही परीक्षा निरुपयोगी आहे, कारण फळ किती पिकलं आणि किती वाळलं यावर ते ठरतं; पण बाहेर जितकी मुखं तितके आत बियांचे कप्पे असतात, त्यामुळे चाकूने कोरून वाढवलेलं मुख एक्स-रेत उघडं पडतं.

इतकं करून बांगडी खरोखर हस्तिदंती निघाली तर तिची किंमत किती, असं लोक विचारतात. उत्तर सोपं आहे: बाजारात शून्य, कारण बाजारच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. १९८६च्या दुरुस्तीने भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार थांबवला आणि १९९१च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आणलेल्या हस्तिदंताचाही, त्यामुळे ‘हा तर आफ्रिकी आहे’ या बचावात दम उरला नाही. वाघनख, गव्याचं शिंग, चोचीच्या कासवाचं कवच हेही पहिल्या अनुसूचीत, जिथे शिक्षा ३ वर्षांपासून ७ वर्षांपर्यंत जाते. गळून पडलेलं सांबरशिंगही ‘सापडलं म्हणून घेतलं’ असं चालत नाही. पूर्वी रीतसर नोंद करून मालकीचं प्रमाणपत्र घेतलेली वस्तू वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाऊ शकते, पण विकता येत नाही आणि भेटही देता येत नाही. २००३मध्ये राहून गेलेल्या नोंदींसाठी १८० दिवसांची मुदत मिळाली होती. ज्यांच्या आजोबांनी तेव्हा अर्ज केला, त्यांच्या डब्यात वस्तूबरोबर एक कागदही असतो. तो आधी शोधा. कागद नसेल आणि भिंगाखाली जाळी स्पष्ट दिसत असेल, तर वस्तू मुंबई-पुण्याच्या विक्रेत्याला फोटो पाठवून ‘विचारायची’ नसते. वकिलाचा सल्ला घेऊन वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात जायचं असतं. सेल्युलॉइडची फणी, हाडाची माळ, गायी-म्हशीच्या शिंगाची बटणं आणि भूमध्य समुद्राचं पोवळं मात्र खुशाल वापरा, दुरुस्त करा, विका. पोवळ्याचा दागिना सोनाराकडे झाळायला देताना पोवळं तेवढं कोंदणातून काढून घ्यायला सांगा. आच लागली की ते पांढुरकं पडतं आणि पुन्हा रंगावर येत नाही.